अतिक्रमण नेमकं कुणाचं?



शिवारातली वाट कुणी कुंपण घालून अडवली, तर मोटारसायकलवाला वळसा घालून निघून जातो. वळसा खरा पडतो तो डोक्यावर सरपणाचा भारा असलेल्या बाईला. गायरान गेलं की शेळीचा चारा जातो, शेण वेचायची जागा जाते. तरीही दाव्यांत वादी पुरुष, प्रतिवादी पुरुष आणि पंचही पुरुषच, हे मी कामानिमित्त गावोगाव पाहते.

जानेवारी 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामायिक जमिनी मोकळ्या करायला सर्व राज्यांना सांगितलं. मूळ वाद पंजाबातल्या एका गावतळ्याचा होता. असा निकाल हवाच होता. पण भूमिहीन मजुरांना, दलित-आदिवासींना सरकारने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद त्यातच आहे, याचा सोयीस्कर विसर पडतो. आपल्याकडे 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने, 14 एप्रिल 1990 पर्यंत गायरान कसणाऱ्या भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. कागद मात्र कित्येकींच्या हाती आलाच नाही. म्हणूनच ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानं वर्षअखेरपर्यंत मोकळी करण्याचा आदेश दिला, तेव्हा धास्ती घेतली ती गायरानावरच्या झोपडीतल्या बाईने.

निवडून आलेली बाईही यातून सुटत नाही. घरच्यांनी बळकावलेल्या सरकारी जागेवर राहणारा ग्रामपंचायत सदस्यही अपात्र ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं. कायद्याचा हेतू चांगला आहे. पण सासऱ्याने जागा बळकावताना सुनेला कुणी विचारलं होतं का? पद मात्र तिचं जातं.

पोटासाठी चार गुंठे कसणारी आणि गायरानात बंगला बांधणारा, यांना एकाच मापाने मोजू नका, ही आपली मागणी आहे. ती मांडायला जागाही आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे गायरानाची मोजणी मागा, कुणी किती जागा व्यापली त्याची यादी मागा. वाट अडवली असेल तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय कायद्याखाली दावा करता येतो. गावातल्या रस्त्यावरचा अडथळा हटवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला कलम 53 ने दिला आहे.

सातबाऱ्यावर आपलं नाव नसेल. पण जे सगळ्यांचं आहे, त्याबद्दल बोलायला सातबारा लागत नाही.