‘सीटी नॉर्मल आहे’ म्हणजे ‘खेळायला हरकत नाही’ असं नव्हे

फुटबॉलचा हंगाम आला की कोल्हापुरातल्या डॉक्टरांकडे एक मागणी हमखास येते. सामन्यात डोक्यावर डोकं आपटलेला एखादा कॉलेजचा मुलगा, सोबत मंडळाचे दोघेतिघे आणि हातात सीटी स्कॅनचा रिपोर्ट. ‘‘डॉक्टर, सीटी नॉर्मल आहे. रविवारी मॅच आहे, तेवढं फिट सर्टिफिकेट द्या.’’ बऱ्याचदा ते मिळतंही. निव्वळ सीटीच्या भरवशावर दिलेलं असं सर्टिफिकेट चूक आहे, एवढंच मला या लेखात ठामपणे सांगायचं आहे. मागणारा ते माहिती नसल्यामुळे मागतो. देणाऱ्याला ती सबब नाही.

सीटीत काय दिसतं आणि काय दिसत नाही?

डोक्याला मार लागल्यावर सीटी दोन मुख्य प्रश्नांची उत्तरं देतो: कवटी फुटली आहे का आणि आत रक्तस्राव झाला आहे का? हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. माजी कसोटीपटू रमण लांबा यांना फेब्रुवारी 1998 मध्ये ढाक्याला जवळच्या जागी क्षेत्ररक्षण करताना डोक्याला चेंडू लागला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले, पण आतल्या रक्तस्रावामुळे काही दिवसांतच त्यांचं निधन झालं. म्हणून मार लागल्यावर पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा गुंगी, झटके, हातापायात अशक्तपणा, एकाच्या दोन वस्तू दिसणं किंवा मानेत तीव्र वेदना यांपैकी काहीही असेल, तर घरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठावं.

पण खेळातल्या डोक्याच्या बहुसंख्य इजा या प्रकारच्या नसतात. त्या असतात कन्कशनच्या, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्याच्या. डोक्याला झटक्यात गती मिळते, मेंदू आतल्या आत हिंदकळतो आणि मज्जापेशींचं रासायनिक व ऊर्जेचं गणित काही काळ बिघडतं. यात मोडतोड दिसत नाही, काम बिघडलेलं असतं. घराच्या भिंतींचा फोटो काढून वायरिंगमधला बिघाड कळत नाही, तसंच हे. कन्कशनमध्ये सीटी बहुधा नॉर्मलच येतो. त्यामुळे नॉर्मल रिपोर्ट म्हणजे ‘कन्कशन नाही’ याचा पुरावा नव्हे.

दुसरा गैरसमज शुद्धीचा. ‘‘बेशुद्ध कुठं पडला? लगेच उठला की!’’ कन्कशन झालेल्या दहापैकी नऊ खेळाडूंची शुद्ध जातच नाही. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळ, उजेड किंवा आवाज सहन न होणं, सगळं धूसर वाटणं, स्कोअर न आठवणं, चिडचिड, झोप बिघडणं ही त्याची लक्षणं. काही लगेच दिसतात, काही तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी.

खेळाडूला विचारून उपयोग नाही

‘‘त्याला विचारलं, तो म्हणाला ठीक आहे’’ हे उत्तर मी मान्य करत नाही. ज्या मेंदूने निर्णय घ्यायचा, मार त्यालाच लागलेला असतो. 2014 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरच्या डोक्याला जबर धडक बसली. त्यानंतर तो सुमारे पाव तास खेळत राहिला. शेवटी त्याने पंचांनाच विचारलं, की ही फायनलच आहे ना? जगातला सर्वांत मोठा सामना, कोट्यवधी प्रेक्षक, दोन्हीकडे डॉक्टरांचा ताफा, आणि तरीही गडी मैदानातच होता. मग पेठेची इज्जत पणाला लागलेली, शाहू स्टेडियमवर दोन्ही बाजूंच्या समर्थकांनी गॅलरी डोक्यावर घेतलेली, अशा वेळी एकोणीस वर्षांचा पोरगा ‘‘मला बाहेर काढा’’ म्हणेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

डिसेंबर 2020 मध्ये कॅनबेराच्या टी-20 सामन्यात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर शेवटच्या षटकात चेंडू आदळला. त्याने डाव पूर्ण केला, त्याच्या जागी यजुवेंद्र चहल आला आणि सामनावीर ठरला. आपल्याकडे चर्चा झाली ती ‘हे नियमात बसतं का’ याची. लक्षणं उशिरा येऊ शकतात, हा खरा धडा बाजूलाच राहिला. हेल्मेट कवटी वाचवतं, हादरा पूर्णपणे थांबवू शकत नाही, हेही.

घाई केली तर काय होतं?

सावरत असलेल्या मेंदूला दुसरा मार लागला, तर लक्षणं आठवड्यांऐवजी महिनोन्‌महिने रेंगाळू शकतात. अभ्यासात लक्ष लागत नाही, डोकेदुखी जात नाही. क्वचित, आणि विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला अचानक सूज येऊन जीव जाऊ शकतो. शिवाय तोल आणि प्रतिक्रियेचा वेग पूर्ववत न झाल्याने कन्कशननंतरच्या काळात पायाच्या दुखापतींचं प्रमाणही वाढलेलं आढळतं. म्हणजे ज्या स्ट्रायकरला घाईने उतरवलं, तो गुडघा धरून पुन्हा बाहेर येण्याची शक्यता जास्त.

मग तज्ज्ञ कोण?

परदेशात खेळातल्या कन्कशनसाठी वेगळे तज्ज्ञ आणि वेगळी क्लिनिक आहेत. आपल्याकडे क्रीडावैद्यकात एम.डी. करता येतं, पण जागा मोजक्या. कोल्हापुरात न्यूरोसर्जन आहेत, न्यूरोफिजिशियन आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत. तरीही मुलगा मधल्या मध्ये सुटतो. न्यूरोसर्जनपुढचा प्रश्न असतो, ‘ऑपरेशन लागेल का?’ तो ‘नाही’ म्हणतो आणि ते बरोबरच असतं. पण ‘पुन्हा कधी खेळायचं?’ हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसतो. मंडळाचे लोक मात्र पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवून मोकळे होतात.

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारा तो खरा तज्ज्ञ. त्याला महागडं मशीन लागत नाही, वेळ लागतो. लक्षणांची नोंद, स्मरणशक्ती आणि एकाग्रतेची चाचणी, तोल, डोळ्यांच्या हालचाली, मानेची तपासणी. यासाठी स्कॅट-6 हा ठरलेला तक्ता आहे आणि लहान मुलांसाठी वेगळा. ऑक्टोबर 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतून तो आला. त्याच परिषदेच्या शिफारशींनुसार पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती घ्यायची. म्हणजे अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवायचं नाही. घरातली हलकी कामं चालतात, मोबाइल-टीव्ही कमी. मग चालणं किंवा सायकल, मग थोडा वेगाचा व्यायाम, मग एकट्याने चेंडूचा सराव, मग संघाबरोबर सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. धडक बसू शकेल असा सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांची परवानगी हवी. शाळकरी मुलांनी आधी पूर्ण वेळ शाळा, मगच सामना. मोठी माणसं बहुधा दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना महिना लागू शकतो. म्हणून शनिवारी मार आणि रविवारी सर्टिफिकेट हे गणित कुठल्याच हिशोबात बसत नाही.

‘मेंदूच्या टॉनिक’बद्दलही दोन शब्द. डोक्याला मार लागला की सिटिकोलीनच्या गोळ्या लिहून देण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. मेंदूला इजा झालेल्या 1213 रुग्णांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली आणि 2012 मध्ये तिचे निष्कर्ष आले: रिकाम्या गोळीपेक्षा जास्त फायदा नाही. गोळीने खिसा हलका होतो आणि उपचार झाल्याचा भास होतो. जो उपचार खरंच लागतो, तो म्हणजे टप्प्याटप्प्याने परतणं, तो चिठ्ठीवर येतच नाही.

‘‘असं केलं तर पोरं नाजूक होतील!’’

हा आक्षेप तालमीतून येतो. तांबडी माती मऊ असते, पैलवानाला काय होतंय, असंही म्हणतात. माती हाडं वाचवते, पण डोक्याचा झटका तिने थांबत नाही. आणि खेळ थांबवणं म्हणजे भित्रेपणा, हे तरी आपल्या परंपरेत कुठे आहे? ज्या खासबागेचा आपल्याला अभिमान आहे, तिथे पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि दोन्ही पैलवान ताठ मानेने आखाड्याबाहेर येतात. वस्तादांनी ‘‘आज नको’’ म्हटलं, तर कुठला पट्ठा उलट बोलतो? अधिकार आपल्याकडे आहेच, फक्त तो डोक्याच्या इजेसाठी वापरला जात नाही.

दुसरा आक्षेप: ‘‘प्रत्येक मैदानावर तज्ज्ञ डॉक्टर कुठून आणायचा?’’ आणूच नका. संशय घ्यायला डॉक्टर लागत नाही. पी.टी.चे शिक्षक, जुने खेळाडू किंवा कुणीही समजदार माणूस वापरू शकेल, असा ओळखण्याचा तक्ता याच परिषदेने दिला आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एक शाळकरी फुटबॉलपटू त्याच सामन्यात पुन्हा उतरला आणि कायमचा अधू झाला. त्यानंतर 2009 मध्ये तिथे कायदा झाला: संशय आला की बाहेर, डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही, आणि पालक व खेळाडूंना आधी माहिती. 2014 पर्यंत तिथल्या सर्व राज्यांनी असे कायदे केले. फुटबॉलच्या नियमांनीही जुलै 2024 पासून कन्कशनसाठी जादा बदली खेळाडूची सोय दिली आहे. स्पर्धेने ती स्वीकारायची. त्यामुळे ‘‘गडी कमी पडेल’’ ही सबबही उरत नाही.

कोल्हापूरला कायद्याची वाट बघायची गरज नाही. स्पर्धा भरवणाऱ्यांनी प्रवेशअर्जावरच एक ओळ छापावी: डोक्याला मार आणि एकही लक्षण दिसलं, तर त्या दिवशी तो खेळाडू खेळणार नाही. निर्णय अशा एका माणसाने घ्यावा, ज्याचा निकालाशी संबंध नाही. कोच नको, कॅप्टन नको, खेळाडू तर नकोच. पालकांनी डॉक्टरांना ‘‘रिपोर्ट नॉर्मल आहे ना?’’ एवढंच विचारून उठू नये, ‘‘कुठल्या पायरीवर आहे?’’ हेही विचारावं.

आणि माझ्या डॉक्टर मित्रांनो, पायऱ्या पूर्ण झाल्याशिवाय त्या कागदावर सही करू नका. मंडळाचे लोक चार दिवस रागावतील. रागावू द्या.