आच आणि ऊब

दिवाळी जवळ आली की आमच्या चारकोपच्या चौकात प्रथम भाजणीचा वास येतो, मग चकलीचा आणि सर्वांत शेवटी नानकटाईचा. पहिले दोन वास घराघरांतून निघत. तिसरा मात्र रस्त्यावरून चालत येई. नानकटाई घरात भाजण्याची आमच्याकडे रीतच नव्हती. तूप-साखर घरी फेसायची, गोळे वळून काळ्या पत्र्यांवर मांडायचे, पत्र्याच्या कडेला खडूने आडनाव लिहायचे आणि सगळा सरंजाम जवळच्या बेकरीच्या भट्टीवर नेऊन द्यायचा. तासा-दोन तासांनी तोच पत्रा डोक्यावर घेऊन पोरे परतत, आणि घर येईपर्यंत पत्र्यावरचे दोनचार नग हमखास कमी झालेले असत. त्याचा हिशेब कोणी विचारीत नसे.

२०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश झाला. लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा तो आदेश. शहराच्या हवेची दशा पाहता त्याविरुद्ध तक्रार करण्यासारखे काही नव्हते. आमच्या भट्टीवाल्यानेही भट्टी विझवली, गॅसचे नवे यंत्र आणले आणि हात जोडून सांगितले, "यात घरचे पत्रे बसत नाहीत. माफ करा."

आम्हा इतरांची गैरसोय म्हणजे केवळ हौसेची गैरसोय. खरी पंचाईत झाली ती शेजारच्या काकूंची. काका गेल्यापासून काकू दिवाळीच्या दिवसांत नानकटाईच्या ऑर्डरी घेतात आणि त्या पंधरवड्याच्या मिळकतीवर नातवाच्या कॉलेजची फी निघते. भट्टी गेली म्हणजे फी गेली. "भाऊजी, तुम्ही शिकलेले," काकू म्हणाल्या, "घरात बसेल असा एखादा ओव्हन बघा की. पण लहान हवा. आणि माझी खोली भट्टी होता कामा नये."

लहान हवा, हे काकूंनी सांगायला नकोच होते. आमची वसाहत म्हणजे १९८५ नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने आखून दिलेले भूखंड. लहानात लहान भूखंड पंचवीस चौरस मीटरच्या आसपासचा. त्यावर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे घर बांधायचे. शेजारच्या घराची भिंत तीच आपली भिंत. काकूंच्या ओट्यावर गॅस, कुंडी आणि लोणच्याच्या बरण्या सोडून जी जागा उरे, ती दीड फुटांची. तेवढ्यात बसणारे तयार ओव्हन पाहिले. पण काकूंचे पत्रे एकात मावतील तर शपथ. शेवटी आम्ही चारकोपच्याच औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्यात गेलो. तेथे एक साठीचे मिस्त्री जन्मभर हीटर आणि भट्ट्यांच्या कॉइली बनवीत आले आहेत.

मी मराठी शिकवतो. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण शिकलेल्या माणसाला आपण शिकलेलो आहोत याची आठवण कोणी करून दिली की तो सल्ला दिल्यावाचून राहत नाही. मी म्हणालो, "मिस्त्री, बारीक तार घाला. बारीक तार लांबीला कमी लागेल, कॉइल चिमुकली होईल. आणि भिंती एकपदरीच ठेवा, म्हणजे आत जागा राहील."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. "बारीक तार टिकायची नाही, सर." मी हट्ट धरला. पैसे देणाऱ्याचा हट्ट गाळ्यात चालतो. ओव्हन तयार झाला. सुबक, हलका, अगदी पेटीसारखा. पहिल्या दिवशी नानकटाई उत्तम फुलली. दुसऱ्या दिवशी ओव्हनच्या अंगाला नातवाचा हात लागून कोपरापाशी चांगला चटका बसला. ओट्यावरच्या बरणीतले तेल पातळ झाले, आणि काकू पदराने वारा घेत दारात येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी आत एक बारीकशी ठिणगी उडाली आणि ओव्हन गार पडला. पत्र्यावर तीस गोळे कच्चे. काकू काही बोलल्या नाहीत. सौ. मात्र म्हणाली, "अहो, व्याकरण सोडून तुम्ही दुसऱ्याच्या पोटावर कशाला प्रयोग करता?"

मी मान खाली घालून पुन्हा गाळ्यात गेलो. मिस्त्रींनी "सांगितलं होतं" असे एका शब्दाने म्हटले नाही. एक पुठ्ठा घेतला, कानावरची पेन्सिल काढली आणि मला शिकवायला बसवले. ते गणित इतके सोपे आहे की वाचकांनी भिऊ नये.

आपल्या घरी वीज येते ती २३० व्होल्टची. एक हजार वॅटचा एलिमेंट हवा, तर त्यातून सुमारे ४.३५ अँपिअर वाहायला हवेत. म्हणजे तारेचा विरोध सुमारे ५३ ओहम हवा. नायक्रोमची अर्धा मिलिमीटर जाडीची तार घेतली तर तेवढ्यासाठी जवळजवळ साडेनऊ मीटर लागते. माझ्या हट्टाची ०.३ मिलिमीटरची तार साडेतीन मीटरांत भागते. येथवर माझे म्हणणे बरोबर होते. पण हजार वॅटची आच बाहेर पडायची ती तारेच्या अंगावरून. जाड तारेचे अंग सुमारे १४८ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सातएक वॅटचा भार. बारीक तारेचे अंग अवघे ३२. तेथे तोच भार एकतीस वॅटवर जातो. "एकाच हमालाच्या डोक्यावर साडेचार हमालांचं ओझं," मिस्त्री म्हणाले. "जिथं थोडी बारीक असेल तिथं ती जास्त तापते, तिथंच तुटते."

या नायक्रोमची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. तारेतून वीज वाहिली की उष्णता निघते आणि ती विजेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जूलने १८४१ च्या सुमारास दाखवून दिले. पण पुढची साठ वर्षे अडचण होती ती तारेची. लोखंड लाल झाले की हवेने गंजून खपल्या धरते. प्लॅटिनम टिकते, पण ते नानकटाईसाठी परवडते कोणाला? अमेरिकेतल्या आल्बर्ट मार्श यांना निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट १९०६ साली मिळाले. ही तार तापली की तिच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडची पातळ साय धरते, आणि ती सायच आतल्या धातूला हवेपासून राखते. आपल्या घरातली इस्त्री, टोस्टर, हीटर ही सारी पिलावळ त्या सायीच्या पोटची.

"मग लहान एलिमेंट व्हायचाच नाही का?" मी विचारले.

"होतो की. तार तेवढीच ठेवायची, ती नीट गुंडाळायची." मिस्त्रींनी फळीवरून एक वाकवलेली नळी काढली. पोलादी नळीच्या मधोमध तारेची बारीक गुंडाळी, आणि भोवताली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी. नळी भरली की ती बाहेरून दाबून दाबून बारीक करतात. भुकटी आत दगडासारखी घट्ट बसते. तारेची आच भुकटीतून नळीच्या अंगावर येते आणि नळीचे अंग तारेहून कितीतरी मोठे. टोकांपाशी मात्र जाड सळी जोडलेली असते, म्हणजे जोडाची जागा तापत नाही.

मी विचारले, "भुकटी रोधक ना? मग आच बाहेर कशी येते?"

मिस्त्री हसले. "सर, रोधक दोन जातीचे. हा विजेला अडवतो, आचेला वाट देतो. आणि हा," त्यांनी कोपऱ्यातला लोकरीसारखा पांढरा गठ्ठा दाखवला, "हा आचेलाच अडवतो. पहिला तारेजवळ, दुसरा भिंतीत. दोघांची अदलाबदल केली की तार जळते नि घर तापते."

मी वर्गात शब्दांच्या छटा शिकवतो. आच, धग, झळ, ऊब, चटका यांतला फरक समजावताना तास संपतो. पण आच बाहेर आली पाहिजे, ऊब आत राहिली पाहिजे आणि झळ शेजाऱ्याला लागता कामा नये, हे तिन्ही शब्द एकाच पेटीत नांदताना मी प्रथमच पाहिले.

भिंतींचे गणितही मिस्त्रींनी त्याच पुठ्ठ्यावर मांडले. आतून फूटभर लांब, रुंद आणि उंच अशी पेटी १८० अंशांवर ठेवायची. भिंत एकपदरी पत्र्याची असेल तर चारशेएक वॅट नुसते बाहेर वाहून जातात, आणि तेच काकूंच्या खोलीत शिरतात. तीच पेटी दुहेरी करून मध्ये दोन इंच सिरॅमिक वूल भरली, तर गळती शंभर-सव्वाशे वॅटवर येते. लोकर स्वतः काही विशेष करीत नाही. तिच्या धाग्यांत हवा अडकून पडते आणि अडकलेली हवा उष्णतेला पुढे जाऊ देत नाही. पूर्वी या जागी ॲस्बेस्टॉसचा पुठ्ठा घालीत. त्याची धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून आता त्याला कोणी हात लावू नये. ही लोकर भरतानासुद्धा मिस्त्री हातमोजे घालतात आणि तोंडाला फडके बांधतात.

मला एकदम आजी आठवली. रात्री चुलीतले निखारे ती राखेखाली पुरून ठेवी आणि पहाटे राख बाजूला केली की आत लाल विस्तव जागा असे. तिला वॅट ठाऊक नव्हता. पण हवा धरून ठेवणाऱ्या हलक्या राखेचा गुण ठाऊक होता. भट्टीवाल्याच्या हातभर जाडीच्या विटांचे कामही तेच. आम्हांला ते काम दोन इंचांत करायचे होते, इतकेच.

आणखी एक खुबी. आतली पेटी आणि बाहेरची पेटी शक्यतो कोठे एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. एक लांब स्क्रू आरपार गेला की त्याच्या वाटेने आच बाहेर पळते आणि तेवढ्याच जागी बोट भाजते. दोन इंच लोकर दोन्ही बाजूंना घालायची म्हणजे दीड फुटांत आत फूटभर जागा उरते. मी एकपदरी भिंतीने जी जागा वाचवायला निघालो होतो, ती काकूंच्या पत्र्यांना लागणारच नव्हती. पत्रे मोजून पाहण्याचे मला सुचले नव्हते!

नवा ओव्हन श्रावणात तयार झाला. हात लावून पाहिला: बाहेरून कोमट. थर्मोस्टॅट एकदा तापमान गाठले की वीज तोडी आणि बराच वेळ स्वस्थ बसे. काकूंनी तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिवाळीपर्यंत जपून ठेवला. या जपण्यानेच पुढचा घोटाळा केला.

ऑर्डरींचा पहिला दिवस. तूप फेसून तयार, पत्रे मांडलेले. काकूंनी बटण दाबले आणि सबंध घराची वीज गेली. स्विच वर केला, पुन्हा गेली. काकूंचा चेहरा पांढरा पडला. मी चपला न घालताच गाळ्याकडे निघालो.

मिस्त्री आले, मीटर लावला आणि म्हणाले, "पावसानं ओल धरली." ती पांढरी भुकटी हवेतला ओलावा पिते. नळीच्या टोकाची लाख नीट बसली नसेल, तर मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात ओल आत शिरते आणि वीज थोडी थोडी नळीच्या अंगात झिरपू लागते. गळती ओळखून वीज तोडणारा स्विच घरात होता, अर्थिंग नीट होते, म्हणून नुसता अंधारच झाला. एरवी काकूंचा हात ओव्हनला लागला असता आणि मला हा लेख निराळ्या सुरात लिहावा लागला असता. मिस्त्रींनी एलिमेंट काढून नेला, गाळ्यातल्या भट्टीत रात्रभर मंद आचेवर वाळवला, टोके पुन्हा सीलबंद केली. "चूक माझी," ते म्हणाले, "टोकं मी घाईत बंद केली." सकाळी सात वाजता ओव्हन सुरू झाला आणि मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. पहिला पत्रा त्यांच्या घरी गेला.

ऑर्डरी दोन दिवस उशिरा, पण सगळ्या पुऱ्या झाल्या. फी भरली गेली. नातवाच्या कोपराजवळचा डाग अजून दिसतो. तो दिसला की मी विषय बदलतो.

ज्यांच्या घरी असा ओव्हन आहे त्यांना एवढेच सांगतो. पावसाळ्यात तो गुंडाळून ठेवू नका. पंधरा दिवसांतून एकदा थोडा वेळ चालवा. बाहेरून एखादीच जागा तापत असेल तर ती दाखवून घ्या. स्विच पडला तर तो पुन्हा पुन्हा वर करू नका; जाणत्या माणसाला बोलवा. आणि आपले काम ज्याला येते तो "टिकायची नाही" म्हणाला, तर आपली पदवी खिशात ठेवा.

यंदा चौकातल्या आणखी चार घरांनी काकूंना पत्रे दिले आहेत. पत्र्याच्या कडेला खडूने आडनावे लिहिलेली आहेत, आणि पोरे ते घेऊन परतताना दोनचार नग पूर्वीसारखेच कमी होतात.