खेळसाहित्य झिजू द्यावे
(माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस खुले पत्र)

माननीय मंत्रिमहोदय,


राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने 2023 साली तीन ते आठ वर्षांच्या बालकांसाठी ‘जादुई पिटारा’ ही खेळसाहित्याची पेटी सिद्ध केली आणि खेळ हे शिक्षणाचे साधन होय ही गोष्ट सरकारदप्तरी रुजू झाली, याचे समाधान मानूनही एक अर्ज आपल्यापुढे ठेवणे मला अगत्याचे वाटते.

महाराष्ट्रास हा विचार नवा नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम आरंभिले, तेव्हा माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्यास पेलणार नाहीत हे ओळखून त्यांनी शंखशिंपले, बिया, पाने आणि खडे यांनाच साधनांची प्रतिष्ठा दिली; हरवले तर पुन्हा वेचून आणावे, एवढाच त्या साहित्याचा जमाखर्च.

पाच सागरगोट्यांतला एक वर उडवून खालचे चार एकखईत एकेक, दुखईत दोन-दोन आणि तिखईत तीन व एक असे उचलणारी मुलगी चार या संख्येचे विभाजन पाटीपेन्सिलीवाचून करीत असते; चल्लसआठच्या पटावर कवड्या टाकणाऱ्या मुलांना दोनाच्या मानाने चाराचे दान दुर्मिळ का, हा प्रश्न सुचावा, आणि उत्तर सांगून मोकळा न होता शंभर दाने टाकून नोंद करावयास सांगणारा शिक्षक त्यांना लाभावा, म्हणजे संभाव्यतेचा पहिला पाठ तेथेच होतो. (असा शिक्षक नसेल तर तो निव्वळ विरंगुळा, हेही कबूल.)

परंतु सागरगोटा हरवतोच, आणि कापडी बाहुली अनेक हातांतून गेल्यावर विरल्यावाचून राहत नाही. अशा वेळी जडवस्तू संग्रह नोंदवहीत ज्याच्या सहीने नग चढले, त्या मुख्याध्यापकाने जाबजबाबाच्या धास्तीने पेटी कुलपात ठेवली, तर दोष त्याचा कसा म्हणावा? प्रयोगशाळेतील तराजू आणि बालवर्गातील बाहुली यांना एकच कायदा लावणे मला तरी सयुक्तिक वाटत नाही.

सबब विनंती, की खेळसाहित्याची झीज व हानी वापरापोटी झाली असे गृहीत धरून ते निर्लेखित करण्याची मुभा शाळा व्यवस्थापन समितीस असावी, शिक्षकाकडून वसुली होऊ नये, आणि वर्षअखेर जेथे पेटी कोरी करकरीत आढळेल, तेथेच तपासणी अधिकाऱ्याने लेखी खुलासा मागावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक