क्रॅनबेरीच्या बीचे तेल आणि घरची करडई

वाचक भगिनींकडून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एका नव्या तेलाविषयी वारंवार विचारणा होऊ लागली आहे. क्रॅनबेरी नावाच्या परदेशी फळाच्या बियांचे हे तेल असून, ते चेहऱ्यास लाविले असता त्वचा मऊ राहते, सुरकुत्या लांबतात आणि हिवाळ्यात अंग फुटत नाही, असे त्याविषयी सांगितले जाते. शहरात नोकरीस असलेली मुलगी नाताळास घरी येताना त्याची इवलीशी बाटली घेऊन येते आणि तिची किंमत ऐकून आईचा जीव वरखाली होतो. हे तेल घ्यावे की न घ्यावे, असा साधा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्हांस हैदराबादेपर्यंत जावे लागले, ते कसे ते पुढे येईलच.

प्रथम त्या फळाविषयी. क्रॅनबेरी हे उत्तर अमेरिकेतील दलदलीच्या जमिनीत पसरणाऱ्या एका बुटक्या वेलीवजा झुडुपाचे आंबट, तांबडे फळ. मॅसॅच्युसेट्स व विस्कॉन्सिन या राज्यांत त्याची मोठी लागवड आहे. शरदऋतूत शेतात पाणी सोडतात, फळे झुडुपापासून सुटी करतात आणि आत हवेचे कप्पे असल्यामुळे ती पाण्यावर तरंगू लागली म्हणजे गोळा करून घेतात. रस काढल्यावर जो चोथा उरतो त्यातील बारीक बिया दाबून हे तेल काढावयाचे. बी लहान आणि तेल थोडे, म्हणून किंमत मोठी. आपल्याकडे करवंदास ‘भारतीय क्रॅनबेरी’ म्हणून विकण्याची चाल पडली आहे; परंतु करवंद हे कण्हेर आणि चाफा यांच्या कुळातले, तर क्रॅनबेरी ब्लूबेरीच्या कुळातली. दोहोंत आंबटपणा व रंग यांपलीकडे नाते नाही. आमच्या डोंगरची काळी मैना स्वतःच्या नावाने विकली गेली असती तर आम्हांस अधिक आनंद झाला असता.

आता गुणांविषयी. या तेलात लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन स्निग्धाम्ले मिळून सुमारे दोन-तृतीयांश भाग भरतो आणि ई जीवनसत्त्वाच्या कुळातील द्रव्येही त्यात आहेत. ही दोन आम्ले शरीरास स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. त्यांपैकी लिनोलेइक आम्लाचे त्वचेत एक विशेष काम आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा मानिला, तर विटांमधील चुना ज्या स्निग्ध द्रव्यांचा बनतो त्यांत हे आम्ल गुंफलेले असते. चुना निसटला की भिंतीतून ओल जाते. त्वचेतील पाणी उडून जाऊ लागते आणि ती कोरडी, खवल्यांची होते. तेव्हा क्रॅनबेरीचे तेल त्वचेस मऊ करते हे खरे, त्यात फसवणूक नाही. मात्र त्याने वर्ण उजळत नाही आणि वयही मागे फिरत नाही. शिवाय असे तेल हवा व उजेड लागताच खवट होते; ते गडद काचेच्या बाटलीत, थंड जागी ठेवून लवकर संपवावे लागते. खवट वासाचे तेल चेहऱ्यास लावू नये, मग ते कितीही महागाचे असो.

आणि आता हैदराबाद. तार्नाका भागात राष्ट्रीय पोषण संस्था आहे. 1918 साली दक्षिणेतील कुन्नूर येथे तिचा आरंभ झाला आणि 1958 साली ती हैदराबादेस आली. तेव्हा तिचे नाव पोषण संशोधन प्रयोगशाळा असे होते. गरीब घरांतील मुलांच्या कातडीचा एक विकार तेथील वैद्यकीय संशोधकांनी अभ्यासास घेतला. कोपर, गुडघे, मांड्यांची बाहेरची बाजू आणि कुल्ले यांवर केसांच्या मुळाशी लहान लहान कठीण काटे उभे राहतात. हात फिरविला तर कानशीवरून फिरविल्यासारखे लागते. त्यास फ्रायनोडर्मा म्हणतात, म्हणजे बेडकाची कातडी. सिलोनमध्ये निकोल्स नावाच्या डॉक्टरांनी 1933 साली या विकाराचे वर्णन केले, तेव्हा तो अ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो असा समज होता. हैदराबादेतील संशोधकांनी 1961 आणि 1967 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत निराळा मार्ग धरिला. त्यांनी अशा मुलांच्या रक्तातील आवश्यक स्निग्धाम्ले तपासली. एकाच जीवनसत्त्वाकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही, हे पुढील वर्षांत उघड होत गेले. परंतु व्यवहारास पुरेल एवढे हाती आले: आहारात करडईसारख्या तेलाची आणि त्याजबरोबर बी-गटातील जीवनसत्त्वांची भर घातली असता ही खडबडीत कातडी हळूहळू पूर्ववत् होऊ लागते.

या गोष्टीपाशी आम्ही जरा थांबू इच्छितो. मुलाचे कोपर खरखरीत दिसले की आई प्रथम त्यास दगडाने घासते. त्याने गुण येत नाही म्हणून मग मलम आणते. मुलगा अस्वच्छ आहे असे शाळेतही त्यास ऐकावे लागते. वस्तुतः ही मळाची खूण नसून ताटाची खूण असू शकते. हा विकार संसर्गजन्य नाही. तेव्हा असे काटे दिसल्यास मुलास दटावण्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे आणि त्याच्या जेवणात तेल, डाळ, पालेभाजी, अंडे व दूध किती जाते ते पाहावे. भात आणि पातळ कालवणाचे पाणी एवढ्यावर वाढणाऱ्या मुलाच्या अंगास बाहेरून कितीही तेल चोळले तरी आतली उणीव भरून निघत नाही. (ज्या घरी नित्य भजी तळली जातात त्यांनी हे वाक्य आपल्या सोयीने वाचू नये. त्यांच्याकडे प्रश्न उलटा आहे.)

करडईचे नाव वर आले आहे. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत रब्बीला येणारे हे काटेरी पीक. 1956 पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यातच मोडत असे. करडई, एरंडी आणि सूर्यफूल यांच्या संशोधनाचे मध्यवर्ती केंद्र आजही हैदराबादेच्या राजेंद्रनगरात आहे. नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण शेकडा 70 च्या वर असते, म्हणजे क्रॅनबेरीच्या तेलाहून कितीतरी अधिक. दुसरे आम्ल हवे असल्यास जवस आहे. त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिकचा. मात्र जवसाचे तेल अंगास लावण्याच्या भानगडीत पडू नये. ते हवेत चिकट होऊन वाळते, म्हणून तर रंगारी ते रंगात घालतात. त्याची चटणीच बरी.

लावण्याची रीतही सांगून ठेवतो. स्नानानंतर अंग पंचाने टिपावे, पुरते कोरडे करू नये आणि ओलसर त्वचेवर चार-पाच थेंब तेल तळहाताने पसरावे. तेल त्वचेत पाणी घालीत नाही. असलेले पाणी अडवून धरते. नव्या तेलाची परीक्षा आधी कोपराच्या आतल्या बाजूस तीन-चार दिवस लावून करावी. तारुण्यपिटिका असलेल्या मुलींनी चेहऱ्यास जड तेल चोळू नये. उन्हापासून मात्र तेलाने रक्षण होत नाही. त्यास पदर आणि छत्रीच हवी.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत अधिक जपावयास हवे. ढाक्याच्या बाल रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांस सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लाविले असता रुग्णालयात जडणारे जंतुसंसर्ग शेकडा 41 इतके कमी झाले, असा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. नाजूक त्वचेची भिंत तेलाने सावरली, असा त्याचा अर्थ. म्हणून घरी आलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळास कोणते तेल लावावे हे डॉक्टरांस किंवा परिचारिका सिस्टरांस विचारूनच ठरवावे. मोहरीचे झोंबणारे तेल अशा बाळास नकोच. आणि मालीश म्हणजे रगडणे नव्हे, हे घरच्या सुईणीस आदराने पण स्पष्टपणे सांगावे.

तेलाने त्वचेचा रोग बरा करण्याचा एक मोठा प्रयत्नही याच मुलखात झाला आहे. हैदराबादहून नांदेडकडे जाताना निजामाबादच्या अलीकडे डिचपल्ली लागते. तेथे 1915 च्या सुमारास डॉ. इझाबेल कर या मेथडिस्ट मिशनच्या बाईंनी कुष्ठरोग्यांसाठी काम उभारिले. त्या काळी कुष्ठरोगावर कडूकवठीच्या बियांच्या तेलाखेरीज औषध नव्हते. पोटात घेतले तर मळमळे, म्हणून त्याच्या सुया देत. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करिता करिता 1889 साली स्वतः त्याच रोगाने निवर्तलेले संत डेमियन आपणां सर्वांस ठाऊक आहेत. त्याच हवाई बेटांत 1915 साली ॲलिस बॉल नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने हे तेल सुईतून देण्याजोगे करण्याची रीत शोधून काढिली. पुढे 1940 नंतर सल्फोन औषधे आली आणि कडूकवठ मागे पडली.

कुष्ठरोगावर आज कोणत्याही तेलाची मात्रा नाही. परंतु बऱ्या झालेल्या माणसाच्या बधिर पावलांना घाम येत नाही. ती सुकतात, भेगाळतात आणि भेगेतून जखम होते. त्यासाठी रोज पाय पाण्यात भिजवून, टाचेची जाड कातडी हलकेच घासून, ओल्या पावलांवर तेल लावण्यास शिकवितात. ते तेल खोबऱ्याचे असो की करडईचे, रोज लागणे महत्त्वाचे. पंधरा-वीस मिनिटांचे हे काम घरातील नातवंडासही करता येते.

उलट, अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला आणि तेथे स्पर्श समजत नसला, तर त्यावर क्रॅनबेरीचे, करंजाचे किंवा कोणी दिलेले मंत्राचे तेल चोळीत महिने घालवू नयेत. मुलीचे लग्न व्हावयाचे आहे म्हणून चट्टा झाकून ठेवणारी घरे अजून आहेत, आणि झाकलेल्या काळातच बोटे वाकडी होतात. सरकारी दवाखान्यात या रोगाची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग्यापासून इतरांस लागण होण्याचे भय उरत नाही. तो घरातच राहू शकतो, मिस्सेस येऊ शकतो आणि लग्नही करू शकतो.