टेप घेऊन महालात चला!

माझा मामेभाऊ जर्मनीत एम. एस. करतो. मागच्या महिन्यात त्याने म्युन्स्टर गावच्या जुन्या राठहाउसचे, म्हणजे आपल्या भाषेत टाऊन हॉलचे, फोटो पाठवले. मध्ययुगातली इमारत, खाली कमानी, वर उंच नक्षीदार दर्शनी भिंत. स्पेन आणि नेदरलँड्सचं ऐंशी वर्षांचं युद्ध संपवणाऱ्या तहाची शपथ 1648 साली इथल्याच सभागृहात झाली. फोटो पाहून रूममेट म्हणाला, "आपल्या नागपुरात असं काहीच नाही बे!"

मलाही पटलं. पण भावाने पुढची गोष्ट सांगितली. ही इमारत 1944 च्या बॉम्बहल्ल्यात पडली होती. आज दिसते ती 1950 ते 1958 दरम्यान जुन्या रूपात पुन्हा उभारलेली. सभागृहातलं कोरीव लाकूडकाम मात्र जुनंच आहे, कारण ते आधीच काढून सुरक्षित जागी नेलं होतं. कोणीतरी वेळेवर विचार केला, एवढंच!

त्या रविवारी आम्ही दोघं महालात गेलो. गांधी गेट म्हणजे जुना जुम्मा दरवाजा. 1702 च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंद शाहने नागपूर वसवलं, त्याचा मुलगा चांद सुलतानने शहराला कोट बांधला. कोट गेला, दरवाजा उरला. इथली नगरपालिका 1864 ची, महानगरपालिका 1951 ची आणि तिच्या सभा कित्येक वर्षं महालातल्याच टाऊन हॉलमध्ये भरत. म्हणजे आपलं राठहाउसही होतंच की! आम्हालाच तीन वर्षांत पत्ता नव्हता.

बडकस चौकाकडे येताना एक अर्धा पाडलेला वाडा दिसला. सागवानी खांब रस्त्यावर पडलेले. त्याचा नकाशा कोणाकडे असेल? बहुतेक कोणाकडेच नाही.

सगळंच जुनं जपा असं मी म्हणत नाही. वाड्यात राहणाऱ्यालाही गळकं छप्पर नको असतं. पण पाडण्याआधी मोजायला काय हरकत आहे? आपण सिव्हिलवाले दरवर्षी तेच ग्राउंड सर्व्हे करतो आणि सीनियरच्या जर्नलमधून तीच रीडिंग उतरवतो (सर, माफ करा, पण खरं आहे!). त्यापेक्षा एक बॅच, एक वाडा. मालकाची परवानगी घ्यायची, प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन काढायचे आणि लायब्ररीत ठेवायचे. कॉपी करायला सीनियरचं जर्नल मिळणार नाही, हाही फायदाच.

सरांनी होकार दिला तर पहिल्या बॅचमध्ये माझं नाव लिहा. रूममेटचंही. तो आता "काही नाही बे" म्हणत नाही, "टेप कोण आणून राहिला?" असं विचारतो.