आधी ऊन, मग नकाशा

वास्तुविशारद बियार्के इंगेल्स यांच्या ‘बिग’ या डॅनिश संस्थेचं प्रदर्शन २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल बिल्डिंग म्युझियममध्ये भरलं. इमारतींच्या प्रतिकृती तिथे उष्ण प्रदेशांकडून थंड प्रदेशांकडे अशा क्रमानं लावल्या होत्या. म्हणजे आधी हवामान, मग इमारत. मला मात्र जास्त मोलाचं वाटतं ते खुद्द डेन्मार्कमधलं २०२० चं प्रदर्शन. लुईझियाना संग्रहालयानं ते पुण्यात जन्मलेल्या, मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेल्या वास्तुविशारद अनुपमा कुंडू यांच्या कामावर भरवलं. ऑरोव्हिलमधलं त्यांचं वॉल हाऊस स्थानिक विटा आणि चुन्यात बांधलेलं आहे. चुन्याच्या भट्ट्या तर आपल्या वणीशेजारी राजूरलाच! तरी मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे सरकतो तेव्हा आपण उघड्या स्लॅबखाली कूलर लावून बसतो. यंदा घर बांधणार असाल, तर नकाशा काढण्याआधी इंजिनिअरला सावली आणि वाऱ्याबद्दल विचारा.