एवढंसं तर लागलंय!

“एवढंसं तर लागलंय, त्यात काय ओरडायचं?” हे वाक्य न ऐकता लहानाचा मोठा झालेला मराठी माणूस शोधूनही सापडायचा नाही. मला या वाक्याचा राग येतो. कारण भावनिक नाही, चक्क तांत्रिक आहे.

म्हणजे असं बघा, उन्हात पाठ भाजून निघाली की रोजचंच कोमट पाणी चटका देतं. पाणी तेच, बादली तीच. मग बदललं काय? तर पाठ!

वेदना टिपणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांवर आयन चॅनल असतात, म्हणजे विद्युतभारित कणांना आत सोडणारी इवलीशी दारं. त्यातलं टीआरपीव्ही१ हे दार डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ओळखलं. पुढे २०२१ च्या नोबेलमध्ये या कामाचा मोठा वाटा होता. एरवी ते साधारण ४३ अंश सेल्सियसला उघडतं. मिरचीतल्या कॅप्सेसिननेही उघडतं, म्हणून ठेचा खाल्ला की तोंड ‘भाजतं’.

सूज आली की तिथे प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडीकायनिन अशी रसायनं जमतात. ती चेतातंतूच्या आतल्या एन्झाइमांना कामाला लावतात आणि ही एन्झाइमं त्या दारावर फॉस्फेट चिकटवतात. झालं! आता ते दार बऱ्याच कमी तापमानाला उघडतं. शेजारचे सोडियम चॅनलही जरा डिवचलं की संदेश पाठवायला लागतात. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड तोच, थ्रेशोल्ड खाली आलाय.

अ‍ॅस्पिरिन नेमकं इथेच काम करतं. ते प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. म्हणून गोळी घेतल्यावर ठणका कमी होतो, पण तापलेल्या तव्याचा चटका बसायचा तो बसतोच.

आता खरा मुद्दा. मासिक पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात हेच प्रोस्टाग्लँडिन तयार होतं. ज्यांना जास्त त्रास होतो त्यांच्यात त्याचं प्रमाण अनेकदा जास्त सापडतं. तरीही ऑफिसात एखादीने पोट दुखतंय म्हणून घरून काम मागितलं, की “सगळ्यांनाच होतं” हे उत्तर तयार! आणि हे म्हणण्यात बायकाही मागे नसतात.

सहनशक्ती वगैरे ठीक आहे हो. पण दुखणं किती, हे जखमेच्या आकारावरून किंवा स्वतःच्या अनुभवावरून ठरवता येत नाही. दुसऱ्याच्या मशीनवरची सेटिंग न बघता “माझ्याकडे तर चालतंय” म्हणणाऱ्या डेव्हलपरला आपण काय म्हणतो, ते तुम्हाला माहीत आहेच. असो.